ठेव, मोती, विसार, खंडणी : घरसभेत तारणाचं मोल शिकवताना (नाशिक)

गोदाकाठ

नाशिकमधल्या घरसभांसाठी चार आठवड्यांचा अभ्यास बसवते आहे. विषय एकच : तारण (म्हणजे वाचवणं) आणि देवाचं राज्य विश्वासणाऱ्याला किती मोलाचं आहे. मुख्य उतारा बायबलमधला मत्तय १३:४४-४६ (अध्याय : वचनं), शेतातली ठेव आणि मौल्यवान मोती : एका माणसाला शेतात पुरलेली ठेव सापडते आणि तो आनंदाने सगळं विकून ते शेत घेतो, मोत्यांचा व्यापारीही एका मोत्यासाठी तसंच करतो, देवाचं राज्य असं आहे. गट ८ ते १२ जणांचा, वेळ दीड तास. मंडळी मिश्र आहेत : शरणपूर रोडकडची चार पिढ्यांची ख्रिस्ती घरं, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत रोजाने जाणारे, आणि नुकतेच यायला लागलेले काही जण.

अडचण अशी की हा उतारा वाचला की निम्म्या लोकांना एवढंच ऐकू जातं : "सगळं विका." मग एक तर घाबरतात, नाहीतर हे संतांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं म्हणून सोडून देतात. दोन्ही वेळा मोल कळतच नाही. ज्यांनी हा उतारा गटात शिकवला आहे त्यांनी कुठे घसरायला होतं ते सांगा. गोष्टी नकोत, कामाचं लिहा.

वहीखाते

ताई, घसरायला होतं ते क्रमात. ४४ व्या वचनातली क्रियापदं फळ्यावर ओळीने लिहा : सापडली, लपवली, जाऊन विकलं, विकत घेतलं. आता विचारा, 'आनंद' हा शब्द कुठे बसतो? विकण्याच्या आधी. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः "त्याच्या आनंदातून" तो जातो आणि विकतो. आनंद हे कारण, विकणं हा परिणाम. आपण शिकवताना नेमकं उलटं करतो : आधी त्याग, मग बक्षीस म्हणून आनंद. तिथेच दृष्टांत मोडतो.

आणखी एक. १३:३६ पाहा. तिथे येशू लोकसमुदायाला सोडून घरात गेला आहे. म्हणजे ठेव आणि मोती हे दोन दृष्टांत घरात, शिष्यांना सांगितलेले आहेत, आणि त्यांतल्या चौघांनी तरी जाळी आणि होड्या आधीच सोडल्या होत्या (४:१८-२२). हा "सोडा" असा हुकूम नाही. सोडून आलेल्यांना 'तुम्हाला नेमकं काय मिळालं आहे' ते दाखवणं आहे. घरसभेला याहून योग्य उतारा नाही.

आठवडा एकसाठी एवढंच करा :

१. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, दोन वेगळ्या माणसांनी. मध्ये दोन मिनिटं शांतता.
२. पहिला प्रश्न "तुम्ही काय सोडाल?" हा नको. "त्या माणसाला शेत तोट्यात पडलं की फायद्यात?" असा विचारा. सगळे एका सुरात "फायद्यात" म्हणतात, आणि खोलीतली भीती उतरते.
३. मग दोघांची तुलना. शेतातल्या माणसाला ठेव न शोधता सापडली, तो दुसऱ्याच्या शेतात होता. व्यापारी मात्र शोधतच होता. चार पिढ्यांची घरं आणि नवे आलेले, दोघांनाही यात आपली जागा दिसते.
४. शेवटची वीस मिनिटं फिलिप्पै ३:७-८. प्रेषित पौल तिथे हिशेबाचे शब्द वापरतो, लाभ आणि हानी. फळ्यावर दोन रकाने काढा. त्याने जे हानीत टाकलं ते वाईट नव्हतं, ३:५-६ मध्ये त्याच्या कुळाची आणि धर्मपालनाची चांगली यादी आहे. ख्रिस्त मिळाल्यावर त्याच यादीला तो केरकचरा म्हणतो. चांगल्या गोष्टीचा भाव दुसऱ्या गोष्टीपुढे उतरला, हे दिसायला हवं.

आणि कृपा करून त्याच सभेत दानपेटी फिरवू नका. "सर्वस्व विकलं" वाचल्यावर पेटी पुढे आली की नवा माणूस एकच अर्थ लावतो. दान दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत घ्या.

पिंपळगावकर

ठेव सापडली आणि मालकाला न सांगता शेत घेतलं, ही फसवणूक नाही का? हा प्रश्न दर वेळी येतो आणि अर्धा तास खातो.

वहीखाते

येतोच. दोन वाक्यांत संपवा. त्या काळी लढाया आणि लूट यांमुळे पैसा-दागिने जमिनीत पुरणं सर्रास चाले, आणि पुरणारा मेला की ठेव तशीच राही. दृष्टांत त्या माणसाच्या व्यवहाराला प्रशस्तिपत्र देत नाही, त्याची धडपड दाखवतो. लूक १८ मध्ये देवाविषयी सांगताना अन्यायी न्यायाधीशाचा दृष्टांत येतो, म्हणून देव अन्यायी ठरत नाही, तसंच हे.

कोणी कायद्यावर आलं तर : आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे सांगितलं की चर्चा थांबते आणि मुद्द्यावर परत येता येतं.

शब्दवेल्हाळ

मला वाटतं खरी अडचण आपल्या शब्दांची आहे. मराठी बायबलमधले मोलाचे बहुतेक शब्द बाजारातले आणि महसुलातले आहेत, आणि शंभर-दीडशे वर्षांत त्यांचे अर्थ सरकले आहेत. पाळक एक बोलतात, बसलेला दुसरं ऐकतो.

ठेव. आज ठेव म्हणजे पतसंस्थेतली मुदत ठेव. व्याज, पावती, आणि पतसंस्था बुडाली तर ठेवीदारांच्या रांगा. मूळ शब्द 'थेसाउरोस', म्हणजे खजिना, पुरलेलं धन. पहिल्याच सभेत "गुप्तधन" म्हणा. लहान पोरालाही कळतं.

तारण. सगळ्यात जास्त गोंधळ इथे. रस्त्यावरच्या पाट्या वाचा : सोनेतारण कर्ज. बाजार समितीत शेतमाल तारण. म्हणजे कर्जापायी गहाण टाकलेली वस्तू. नुकताच आलेला शेतकरी "येशू तुमचं तारण आहे" ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गहाणखत येतं. बायबलमधलं तारण 'तारणे' या क्रियापदातून, बुडणाऱ्याला तारणे. ग्रीक 'सोतेरिया' म्हणजे सोडवणूक, वाचवणं, बरं करणंसुद्धा. येशू या नावाचा अर्थही तोच, मत्तय १:२१ मध्ये देवदूत तो उलगडून सांगतो. म्हणून "तारण" एकट्याने वापरू नका, पहिल्या दोन आठवड्यांत दर वेळी "तारण, म्हणजे वाचवणं" असं जोडून बोला.

विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम. हा शब्द मात्र सोनं आहे, तो हातचा सोडू नका. इफिस १:१४ मध्ये पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे असं म्हटलंय. ग्रीक 'अर्राबोन', मूळचा सेमिटिक भाषांतून आलेला व्यापारी शब्द. आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ साखरपुडा. जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा : विसार कोण देतो? विकत घेणारा देतो. का देतो? व्यवहार पुरा करीन म्हणून. मोडला तर कोणाचा जातो? देणाऱ्याचा. आता वचन परत वाचा. विसार देवाने दिला आहे. घेणारा तो आहे, बांधून घेतलंय त्याने स्वतःला. आणि विसार हा त्याच रकमेतला पहिला हिस्सा असतो, वेगळं काही नसतं. म्हणजे आज जे मिळतं ते पुढच्या राज्यातलंच आहे, थोडं. हे बागाईतदारांना दोन मिनिटांत कळतं, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तास लागतो.

गहाण आणि विसार शेजारी शेजारी लिहा. गहाण कर्जदार टाकतो आणि कर्ज फिटलं की परत नेतो. विसार परत नेण्यासाठी दिलेलाच नसतो. अर्धी शिकवण या दोन ओळींत होते.

खंडणी. मार्क १०:४५, येशू अनेकांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आज खंडणी म्हणजे गुंडाने मागितलेले पैसे. तरुण मुलं हा शब्द वर्तमानपत्रातूनच ओळखतात. मूळ शब्द 'लुत्रोन', गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला भरलेलं मोल. "सोडवणुकीचं मोल" म्हणा.

गोदाकाठ

हे फार उपयोगाचं. खंडणीवर पुढचा प्रश्न ठरलेला : ती कुणाला दिली? सैतानाला?

शब्दवेल्हाळ

वचनात "कुणाला" हे लिहिलेलंच नाही. ओरिगेन या आरंभीच्या ख्रिस्ती पंडिताने सैतानाला दिली असं मांडलं, नाझियान्झसच्या ग्रेगरी या दुसऱ्या पंडिताने ते चौथ्या शतकातच धुडकावलं. घरसभेत तिथवर जायची गरज नाही. वचन दोन गोष्टींवर बोट ठेवतं : किती दिलं (जीव), आणि कोण सुटलं (अनेक). १ पेत्र १:१८-१९ लगेच जोडून वाचा, सोनं-रुपं नव्हे तर रक्त. स्तोत्र ४९:७-८ त्याआधी वाचलं तर आणखी चांगलं, कारण तिथे म्हटलंय की भावाला भाऊ सोडवू शकत नाही, जिवाचं मोल फार आहे.

शरणपूर रोडकर

लुत्रोनसाठी दाखला बाहेरून आणायची गरज नाही, आपल्या शहरात आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शरणपूर वसवलं. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची जहाजं अडवून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली जात. शिक्षण, सुतारकाम, लोहारकाम. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा दफनविधीचं वाचन त्याने केलं, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. सोडवलेला माणूस नंतर कुठे उभा राहतो ते यात दिसतं. शिकवताना मात्र मर्यादा सांगा : त्या मुलांसाठी किंमत भरली गेली नव्हती, जहाज पकडून सोडवलं होतं. म्हणजे 'सोडवणूक' हा अर्थ जुळतो, 'मोल' हा नाही. दाखला ताणला की तुटतो.

संडेस्कूल ताई

मोल म्हणजे रक्कम, आणि रक्कम डोळ्यांना दिसली पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात मत्तय १८:२३-३५ घ्या (राजा एका चाकराचं अफाट कर्ज माफ करतो, तोच चाकर सोबत्याचं लहान कर्ज माफ करत नाही) आणि ज्वारी आणा.

हिशेब : एक तालांत म्हणजे ६,००० दिनार. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, मत्तय २०:२ वरून. पहिल्या चाकराचं कर्ज १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिनार, ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. दुसऱ्याचं कर्ज १०० दिनार. रोज ५०० रुपये धरले तर एकीकडे ३,००० कोटी रुपये, दुसरीकडे ५०,०००.

तीन हजार कोटी कुणालाच दिसत नाहीत. म्हणून ज्वारी. एक दाणा म्हणजे एक दिनार. हजार दाण्यांचं वजन साधारण ३० ग्रॅम भरतं. शंभर दाणे म्हणजे ३ ग्रॅम, तळहातावर चिमूटभर. सहा कोटी दाणे म्हणजे १८ क्विंटल, पन्नास किलोची ३६ पोती. शंभर दाणे मोजून एकेकाच्या हातावर ठेवा आणि म्हणा, दाराबाहेर ३६ पोती रचली आहेत असं समजा. खोली गप्प होते.

चुका दोन होतात. एक, शंभर दिनाराला "क्षुल्लक" म्हणणं. तीन महिन्यांपेक्षा जास्त मजुरी आहे ती, बागेत कामाला जाणाऱ्याला पन्नास हजार क्षुल्लक नाहीत. दुसऱ्याने केलेला अपराध खरा आहे, दुखतो, आणि तरीही ३६ पोत्यांपुढे चिमूट आहे, असं सांगा. दुसरी चूक, "म्हणून आजच सगळ्यांना क्षमा करा" असा दबाव. घरात मार खाणारी बाई बसलेली असू शकते. क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे, हे स्पष्ट शब्दांत, तिच्याकडे न बघता, सगळ्यांना सांगा.

वहीखाते

+१. रकमेचा अंदाज यावा म्हणून भर घालतो : पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की त्या काळचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तालांत महसूल मिळे. दहा हजार तालांत म्हणजे त्याच्या मुलखाचा ५० वर्षांचा महसूल. चाकर "सगळं फेडतो" म्हणाला तेव्हा ऐकणाऱ्यांना ते किती अशक्य आहे ते लगेच कळलं असणार.

मळेकर

माझा प्रश्न वेगळा. इफिस २:८-९ म्हणतं तारण दान आहे. लूक १४:३३ म्हणतं सर्वस्व सोडल्याशिवाय शिष्य होता येत नाही. फुकट आहे की सगळ्यात महाग? लोक थेट विचारतात.

वहीखाते

दादा, हा प्रश्न टाळला तर चारही आठवडे वाया. मी उत्तर लूक १८ आणि १९ शेजारी ठेवून देतो.

लूक १८:१८-२३ : श्रीमंत अधिकारी. त्याला सगळं विकायला सांगितलं. तो खिन्न झाला.

लूक १९:१-१० : जक्कय, श्रीमंत जकातदार. त्याला काहीच विकायला सांगितलेलं नाही. येशू फक्त म्हणाला, आज तुझ्या घरी उतरायचं आहे. सहाव्या वचनात त्याने आनंदाने स्वागत केलं. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलं असेल त्याला चौपट, हे आठव्या वचनात आलं. परत तोच क्रम : आनंद आधी, खिसा नंतर. आणि "आज या घराला तारण" हे नवव्या वचनात.

एकाला सगळं, दुसऱ्याने अर्धं. म्हणजे टक्केवारी ठरलेली नाही. अधिकाऱ्याला मागितलेली किंमत हे प्रवेशशुल्क नव्हतं, त्याचे हात कशात अडकले आहेत ते उघड करणं होतं. दोन्ही हातांत माल धरलेल्या माणसाला दान घेता येत नाही, हात रिकामे करावे लागतात. रिकामे करणं म्हणजे किंमत भरणं नव्हे. लूक १४ मधला, बुरूज बांधण्याआधी खर्च मोजायचा दाखला त्यासाठीच आहे : काय काय हातातून जाईल ते आधी मोजा, म्हणजे अर्ध्यावर थांबावं लागणार नाही.

एवढ्यावर थांबू नका. मत्तय १९:२७ मध्ये शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडलं, आम्हाला काय मिळणार? येशू आधी शंभरपट मिळेल असं सांगतो आणि मग द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टांत सांगतो. मध्ये २० वा अध्याय सुरू होतो म्हणून आपण तो वेगळा वाचतो, पण तो पेत्राच्याच प्रश्नाच्या उत्तरात येतो. सकाळी सहाला आलेला, नऊ, बारा, तीन आणि संध्याकाळी पाचला आलेला, सगळ्यांना एकच दिनार. आणि वाटप शेवटच्यापासून, म्हणजे पहिल्यांना ते बघावं लागलं. ज्यांनी खूप सोडलं त्यांना वाटतं आपली मजुरी जास्त व्हायला हवी. शरणपूरच्या चार पिढ्या आणि काल आलेला मजूर, दिनार एकच. निफाडच्या मंडळींना मजुरीचा हा तिढा समजवावा लागणार नाही.

नाशिकरोडचा

आम्ही कॅथॉलिक. बाळ येशूच्या मंदिराकडून दोन-तीन घरं या सभेला येतील असं कळलं. तारण विश्वासाने की कर्माने, यावर कॅथॉलिक-प्रोटेस्टंटांचा जुना वाद उकरू नका एवढी विनंती. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथॉलिक आणि लुथरन यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. कृपेनेच, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, देव स्वीकारतो आणि तोच सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे दोघांनी मिळून म्हटलं आहे. फरक उरले आहेत, पण घरसभेला एवढी जमीन पुरेशी आहे.

गोदाकाठ

मान्य, दादा. तसंच करू.

तिसऱ्या आठवड्याचा विषय, देवाचं राज्य, अजून नीट बसत नाही. लोक "स्वर्गाचं राज्य" म्हणजे मेल्यावर जायची जागा समजतात.

शब्दवेल्हाळ

मत्तय १९:२३ आणि २४ लागोपाठ वाचा. एकात स्वर्गाचं राज्य, दुसऱ्यात देवाचं राज्य, बोलणं एकाच गोष्टीचं. देवाचं नाव आदराने टाळायची यहुदी रीत होती, मत्तय बहुतेक ठिकाणी ती पाळतो. 'बासिलेइया' म्हणजे आधी राजाचा अंमल, मग मुलूख. "राज्य" ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा येतो, तिथे "राजाचा शब्द चालणं" म्हणून बघा.

मराठीत याला एक चांगली वाट आधीच काढून ठेवलेली आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. दरबार म्हटलं की राजा समोर बसलेला आहे, कोणीही फिर्याद घेऊन जाऊ शकतो. जागेपेक्षा राजाची हजेरी पुढे येते. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या जलालपूरच्या.) त्या सभेत टिळकांचा एखादा अभंग टाळ घेऊन म्हणा.

काळाचा गोंधळ तीन वचनांनी सुटतो : इफिस २:८ मध्ये तारण झालेलं आहे, १ करिंथ १:१८ मध्ये होत आहे, रोम ५:९ मध्ये होणार आहे. आणि मघाचा विसार इथे पुन्हा आणा.

पंचवटीतले शेजारी "मोक्ष म्हणजेच ना?" असं विचारतील. "हो, तेच" म्हणू नका आणि त्यांच्या श्रद्धेला नावंही ठेवू नका. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती तारण पापापासून आणि मरणापासून, आणि त्यात देहाचं पुनरुत्थान आहे, नवी पृथ्वी आहे. फरक शांतपणे सांगितला की शेजारी ऐकतात.

मळेकर

शेवटचं विचारतो. आमच्याकडे एक जण म्हणाला, "माझ्याकडे ना शेत, ना सोनं. विकायला काहीच नाही. मग हा दृष्टांत माझा नाहीच." त्याला काय सांगावं?

वहीखाते

त्याला लगेच काही सांगू नका, आधी त्याला बोलू द्या. मग ४४ वं वचन त्यालाच वाचायला द्या. ज्या माणसाला ठेव सापडली त्याचं ते शेत नव्हतं, तो तिथे बहुधा रोजानेच असणार. त्याच्याकडे किती होतं ते लिहिलेलं नाही, फक्त "जे होतं ते सगळं". मोत्यांचा व्यापारी पैसेवाला, त्याच्यासाठीही नेमके तेच शब्द. मजुराचं सगळं आणि व्यापाऱ्याचं सगळं एकाच मापाने मोजलंय. त्यानंतर यशया ५५:१ वाचा, पैशावाचून विकत घ्या असं तिथे बोलावणं आहे. आणि चौथ्या सभेत मोठ्याने वाचायचं काम त्याच माणसाला द्या.